टायमर लागलाय, वहिनी

आज गुरुवार. उपासाच्या दिवशी दुपारची माळ मी सतरंजीवर आडवी होऊन ओढते. देव काही त्याला हरकत घेत नाही. बोटांखालून मणी सरकत असतात, मग ते मोठे मोठे होत जातात. मला कळतं, झोप आली.

ओट्यापाशी शालनवन्सं पाठमोऱ्या उभ्या आहेत. माझ्या धाकट्या नणंदबाई. त्यांना जाऊन वर्ष होत आलं. हे मला स्वप्नातही माहीत आहे, पण त्याचं काही वाटत नाही. साबुदाण्याच्या डब्यावर त्यांचा चंदेरी कॅमेरा ठेवलेला.

"वन्सं, जरा इकडे बघा ना."

"थांबा हो, टायमर लावतेय. आज तरी डोळे उघडे ठेवाल का?"

खरं आहे त्यांचं. घरातले फोटो वन्संच काढायच्या, म्हणून त्या स्वतः असायच्या फक्त टायमरच्या फोटोंत. टायमर लागला की मी आपली नाम घेत बसायची, आणि नाम घेतलं की माझे डोळे मिटतात. वन्सं धावत येऊन शेजारी टेकायच्या आणि माझ्याकडे वळून चिमटा काढायच्या. तेवढ्यात फोटो निघायचा. माझे डोळे मिटलेले, तोंड वाकडं, आणि त्यांचा नुसता अंबाडा. हल्ली आठवू गेलं तरी मला अंबाडाच दिसतो. देवाजवळ मी रोज तेवढंच मागते, त्यांचा चेहरा.

बटण दाबलं जातं. लाल दिवा लुकलुकतो. वन्सं धावतात, पण ओटा संपत नाही, त्याच्या घाटाच्या पायऱ्या होतात. कॅमेरा वर दीपमाळेपाशी, मी खाली पाण्यात पाय सोडून.

"पळू नका, पडाल!"

"मेलेल्या माणसाला काय होतंय पडून? तुम्ही डोळे सांभाळा."

सवयीने माझे ओठ हलू लागतात. पापण्या जड होतात.

"झालं का सुरू? अहो वहिनी, देव तुम्हाला रोजचाच आहे. मला पुन्हा यायला जमेल की नाही, सांगता येत नाही."

मी नाम थांबवते. अर्ध्यावर. आजवर असं कधी केलं नव्हतं. डोळे ताणून बघत राहते.

वन्सं येऊन टेकतात तेव्हा घाट नसतो, आमच्या अंगणातलं बाक असतं. धापा टाकत त्या माझ्याकडे वळतात. हनुवटीवर देवीचा वण. ओठांवर घामाचे थेंब. डावी भुवई मध्येच विरलेली. हो, अशीच होती.

"बघितलंत?"

"बघितलं."

"मग आता समोर बघा. फोटो बिघडवाल माझा."

आणि चिमटा.

जाग येते तेव्हा ऊन सतरंजीच्या काठाला लागलेलं. डाव्या दंडावर लाल डाग उठलाय, चांगला ठणकतोय. मणी रुतले असतील म्हणावं, तर माळ उजव्या हातात आहे.

मी त्यावर तूपबीप काही लावत नाही. उठून बसते आणि राहिलेले मणी ओढते, डोळे उघडे ठेवून.