पालथं निजायचं

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत आमच्या वॉर्डात श्वास कमी पडणाऱ्या रुग्णांना पोटावर झोपवायचं काम माझ्याकडे होतं. पालथं झोपलं की फुप्फुसाचा पाठीकडचा भाग उघडतो, हवेला जागा होते. उशा कुठे, नळी कुठून, मान कुठल्या बाजूला, सगळं मी ठरवून टाकलं होतं. बहुतेक जण मुकाट ऐकत.

आचऱ्याच्या एका म्हाताऱ्या मच्छीमाराने ऐकलं नाही.

"मी पालथो झोपूचंय नाय, बाय. बुडालेलो माणूस तसो गावता."

अशी माणसं त्याने समुद्रातून ओढून काढली होती. एवढं बोलतानाही मास्कच्या आत त्याला धाप लागली. ऑक्सिजनचा आकडा उतरत होता. मी वळवून जायची आणि मागे फिरले की हा पुन्हा उताणा.

शेवटी त्याच्या बायकोला फोन लावला. ती बाजारात मासे विकायची. तिचा आवाज अख्ख्या वॉर्डाला ऐकू गेला.

"ओ, घराकडे माजा कदी आयकलास नाय, थंय तरी सिस्टरचा आयका! पालथे पडा!"

"बोंब मारू नको गो. पडतंय."

पडला. आकडा हळूहळू चढला. दुसऱ्या दिवसापासून तो न सांगता वळायला लागला आणि शेजारच्या खाटेवरच्याला म्हणायचा, "पड रे पालथो, नायतर बायलेचो फोन येतलो."

मग एका सकाळी पालथं असूनही आकडा वर येईना. श्वास ओढताना त्याच्या मानेच्या शिरा ताठ होत होत्या. डॉक्टरांनी व्हेंटिलेटरचा निर्णय घेतला. मी त्याला सांगितलं, आता झोपेचं औषध देऊ, श्वास यंत्र देईल.

"मगे माका पालथो कोण घालतलो?"

"आमीच घालतलंव, काका."

"घाला."

दोन्ही बाजूंनी चादर धरून आम्ही त्याला वळवलं. फार दिवस लागले नाहीत. तो गेला.

त्याच्या बायकोला फोन मीच केला. तिने विचारलं, "आयकल्यानी मां तुमचा?"

"होय. सगळा आयकल्यानी."

"मगे गेले कित्याक?"

मी तिला त्याला न्यायला येताना आधार कार्ड आणायला सांगितलं. दोघंच जण या, गाडी मागच्या दाराशी लावा, असंही सांगितलं. ती प्रत्येक गोष्टीला "होय" म्हणत राहिली.