हात दाखवून वळणारा संघ

गल्लीत बातमी अशी होती की, गाडी शिकवणाऱ्या क्लचमावशींच्या डोक्याचा नट सैल झालाय आणि त्या रोज संध्याकाळी मैदानावर पोरांना गाडीशिवाय गाडी शिकवतात. साफ खोटं. त्या फुटबॉल शिकवत होत्या. आता बघणाऱ्याला दोन्हींतला फरक कळत नव्हता, हा काही मावशींचा दोष नव्हे.

झालं होतं असं. मावशींची लेक घरात पोपटासारखी बोलायची, आणि उंबरठा ओलांडला की तोंडाला कुलूप. शाळेत हजेरीलासुद्धा नुसता हात वर. वाढदिवसाला केक कापायची, तर टाळ्या वाजवायला आई आणि आईकडे गाडी शिकायला येणारी टकली माणसं. मैत्रीण म्हणून औषधालासुद्धा नाही. मावशींच्या जिवाला तोच घोर. शाळेच्या फुटबॉल संघाला शिकवायला कोणी मिळेना, तेव्हा लेकीला संघात घ्यायच्या बोलीवर मावशी उभ्या राहिल्या. पोरांत राहील तर बोलेल, एवढाच त्यांचा डाव. फुटबॉल त्यांनी जन्मात पाहिला नव्हता.

"त्यात काय मेलं? गाडीला चार चाकं, पोरांना दोन पाय. नियम तेच!"

मावशींचा मुख्य नियम म्हणजे, वळण्याआधी हात बाहेर काढायचा आणि खणखणीत आवाजात सांगायचं, कुठे वळतोय ते. तोच नियम मैदानावर आला. पोरं चेंडू घेऊन पळताना इमानेइतबारे हात दाखवत, "उजवीकडे वळतोय!" म्हणून ओरडत आणि मगच वळत. समोरचा संघ तिथे आधीच जाऊन उभा! आपलीच दोन पोरं समोरासमोर आली तर जागच्या जागी थांबून "आधी तू," "छे छे, आधी तू," आणि चेंडू तिसराच घेऊन पसार. लेक हात तेवढा दाखवायची. तोंडातून चकार शब्द नाही.

संघ हरला. पुन्हा हरला. गोल म्हणाल तर शपथेलाही नाही. पण संघातल्या एका पोराचा बाप, शेजारचा शिंपी, एके दिवशी तणतणत आला.

"मावशी, काय केलंत हो कार्ट्याचं? घासागणिक गोष्ट सांगावी लागायची त्याला. काल माझ्या ताटातलंही जेवला! वर मोबाइल हातात धरून झोपला, चालूसुद्धा न करता!"

"मग झोपू द्या की. तुम्हीही झोपा," मावशी म्हणाल्या. त्यांचं लक्ष होतं भलतीकडेच. पोरं हरून परतताना एकमेकांच्या गळ्यात हात टाकून परतत, आणि हल्ली लेकीच्या गळ्यातही एक हात असायचा. गोलकीपर मुलीचा, चिखलाने बरबटलेला.

मुख्याध्यापिकाबाईंना मात्र गोल हवा होता. "या शनिवारी एक तरी गोल करा, नाहीतर संघ बंद," त्यांनी बजावलं. मावशींनी मनाशी हिशेब मांडला. संघ गेला की तो चिखलाचा हातही गेला.

शनिवारी खेळ संपत आला तरी गोलाचा पत्ता नाही. अचानक चेंडू घरंगळत लेकीच्या पायाशी आला. समोर एक धिप्पाड पोरगा, दारासारखा. लेकीने डावा हात लांब केला आणि अख्ख्या मैदानाने ऐकलं, "डावीकडे वळतेय!"

धिप्पाड पोरगा हाताच्या दिशेने धावला. त्यांचा गोलकीपर तिकडेच झेपावला. सवयीने मावशींचा अख्खा संघही तिकडेच पळाला. लेक तेवढी उजवीकडे वळली. गोल!

मावशींचा पाय गवतातच ब्रेक शोधू लागला. "अगं, हात कुठला दाखवलास आणि वळलीस कुठे!" त्या ओरडल्या. तिकडे पोरांनी लेकीला उचलून धरलं होतं, आणि ती वरून कोणाला तरी "अरे, पाडाल मला!" म्हणून दटावत होती. ते ऐकलं आणि मावशी रुमाल शोधायला लागल्या.

मुख्याध्यापिकाबाई ओठ आवळून जवळ आल्या. "ठीक आहे, संघ राहील. पण खरं सांगा, या खेळातून तुमची मुलगी शिकली तरी काय?"

"खोटं बोलायला शिकली, बाई," मावशी नाक पुसत म्हणाल्या. "पण बोलली!"