हाडांचं गाऱ्हाणं

पहिल्या एम.बी.बी.एस.ला मी अॅनाटॉमीत नापास झालो. ही बातमी पत्राने कळवायला धीर होईना, म्हणून मे महिन्यात बोटीत बसून मीच मालवणला उतरलो. बरोबर एक पत्र्याची ट्रंक होती. तिच्यात चार सदरे, एक जाड पुस्तक आणि अर्धा माणूस. म्हणजे अभ्यासासाठी विकत घेतलेला हाडांचा संच.

नापास होण्यामागे माझं एक तत्त्वज्ञान होतं. आपण डॉक्टर व्हायला आलोय, तर रोगी कुठे आहेत? पहिली दोन वर्षं मेलेली माणसं, जिवंत बेडूक आणि परीक्षानळ्या. रोग्याचं दर्शन त्यानंतर. मी पहिल्याच आठवड्यात स्टेथोस्कोप घेतला आणि तो गळ्यात घालून वसतिगृहात हिंडलो. तो छातीवर नेमका कुठे ठेवायचा हे मात्र ठाऊक नव्हतं. तोंडी परीक्षेत परीक्षकांनी दंडाचं हाड हातात दिलं, तर मी ते माझ्या दंडाला उलटं लावून दाखवलं, कोपर खांद्यापाशी.

"असा माणूस कुठे पाहिलात?" परीक्षकांनी विचारलं.

"नाही सर."

"मीही नाही," ते म्हणाले, आणि पुढच्याला बोलावलं.

वडिलांनी सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे निकाल दिला. "आक्टोबरात पास झालंस तर बरा. नाय तर मामाच्या आपिसात कारकून म्हणान चिकट."

दुसऱ्या दिवशी आईने कपड्यांना ऊन दाखवायला ट्रंक उघडली. सदरा उचलला तर खाली कवटी. दुसरी कोणी असती तर किंचाळली असती. आई म्हणाली, "कोणाची रे ही?"

"विकत घेतलीय."

"विकत घेतलंस ता कळला. कोणाची?"

एवढा साधा प्रश्न दीड वर्षात आमच्यापैकी कोणालाही पडला नव्हता. आईने सगळ्यांना डोक्यावरून अंघोळी करायला लावल्या. मग सुतकाचा वाद निघाला. थोरली काकी म्हणाली, "माणूस खंयचो ता म्हायत नाय, मगे सुतक धरूचा कोणाचा?" शेवटी हाडांची रवानगी माडांच्या बागेतल्या मांगरात झाली. मांगर म्हणजे नारळ आणि शेणी ठेवायची, विणलेल्या झावळ्यांची खोपी. मीही पुस्तक घेऊन तिथेच गेलो. शेणींच्या वासात मणके मोजू लागलो.

आठवडा बरा गेला. मग एका संध्याकाळी थोरले काका तरातरा मांगरात आले आणि उजवा हात माझ्यापुढे धरला. मनगटापासून पंजा खाली लोंबत होता, बाजारातल्या मेलेल्या कोंबडीच्या मानेसारखा.

"डाक्टर, ह्यो हात वर येना नाय."

मला आयुष्यात प्रथमच कोणी डॉक्टर म्हटलं होतं. मी स्टेथोस्कोप काढला, काकांच्या मनगटाला लावला, डोळे मिटले आणि गंभीर आवाजात म्हणालो, "अर्धांग."

पाठोपाठ आलेल्या काकीने हंबरडा फोडला. पाच मिनिटांत अर्धी वाडी मांगराभोवती जमली. काकांचं अर्धं अंग गेलं म्हणून रडारड सुरू झाली, आणि काका स्वतः त्या गर्दीतून वाट काढत, "अगो, गप बस!" म्हणून दोन्ही पायांवर धडधाकट फिरत होते. तेवढं पाहून माझी ट्यूब पेटली. तोंड वाकडं नाही, पाय लुळा नाही, कोपर वाकतं आणि सरळही होतं. गेलंय ते फक्त मनगट.

मी आत जाऊन दंडाचं हाड उचललं. त्याच्या पाठीमागून एक उथळ पन्हळ तिरकी खाली उतरते. त्या पन्हळीतून मनगट उचलणारी नस जाते. हे वाक्य मी निदान शंभरदा घोकलं होतं, पण ती पन्हळ कोणाच्या अंगात असते असा विचार केला नव्हता. पुस्तकात पुढे लिहिलं होतं की, तिथे बराच वेळ दाब पडला तर नस झोपते आणि बहुधा आपली आपण जागी होते.

काकांना बाजूला घेतलं. "काका, दुपारी खंय निजललात?"

"खळ्यात. बाकार."

"हात खंय होतो?"

"बाकाच्या पाठीवरसून मागे टाकललो. तुका कित्याक होयां?"

"आणि किती घेतललात?"

काकांनी चौफेर पाहिलं. "हळू बोल रे मेल्या! काकीक कळला तर जीव घेतली."

मे महिना म्हणजे काजूच्या उर्राकाचा. मुंबई राज्यात तेव्हा दारूबंदी होती, पण ते काजूला कोणी कळवलं नव्हतं. एरवी हाताला मुंग्या आल्या की माणूस झोपेत कूस बदलतो. उर्राकाने काकांना तेही करू दिलं नव्हतं. निदान पक्कं झालं, पण सांगायची सोय नाही. काकांनी मला देवाची शपथ घातली.

त्यामुळे दोष आपसूक हाडांवर आला. ज्याची हाडं तो रागावला, असं वाडीचं एकमत झालं. हाडं खाडीत सोडा, म्हणजे हात सुटेल. काकीला वर हाताला तापल्या सळईचा डागही द्यायचा होता. हाडं गेली की माझा आक्टोबर गेला, मग मामाचं आपिस. मी जोर करून म्हणालो, "हात मिरगापर्यंत बरो जातलो. डाग नको, काय नको." मिरग म्हणजे जूनची सुरुवात. पुस्तकाने तारीख दिलीच नव्हती, ती माझी मी ठोकून दिली.

प्रकरण देवळात गेलं. गुरवाने गाऱ्हाणं घातलं.

"बा देवा म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" सगळे.

"ह्यो झील मुंबयसून हाडां घेवन इलो हा. ती कोणाची, ह्येका म्हायत नाय, तुका म्हायत!"

"होय म्हाराजा!"

"मिरगापर्यंत हात बरो झालो तर हाडां ऱ्हवतली, नाय तर खाडीत जातली! तवसर सगळ्यांका सांभाळ, आणि ह्या झिलाच्या डोक्यात काय तरी घाल!"

या शेवटच्या मागणीला "होय म्हाराजा" सगळ्यात मोठं निघालं. त्यात वडिलांचा आवाज स्पष्ट होता. कौलासाठी देवाला लावलेली फुलाची पाकळी उजवीकडे, म्हणजे होकाराची, पडली. मुदत मिळाली.

मी काकांचं मनगट बांबूच्या पट्टीवर वर उचलून बांधलं आणि रोज सोडून बघत राहिलो. पहिले काही दिवस काही नाही. मी हाडं चाळत होतो ती अभ्यासासाठी की निरोप घ्यायला, मलाच कळेना. भीतीपोटी खांद्यापासून बोटांपर्यंत एकेक नस वाचून काढली. उगाच दुसरं काही निघालं तर?

मिरग दारात आला. त्या सकाळी पट्टी सोडून काका आमसुलं राखत बसले होते. कोंबड्या वाळवणात शिरल्या. काका शिव्या देत उठले आणि उजवा हात झटकला. पंजा ताठ वर आला होता. काकांना पत्ताच नव्हता, ते कोंबड्यांच्या आईबापावर गेले होते. मी मांगरातून ओरडलो, "काका, हात!" तेव्हा त्यांनी पंजाकडे पाहिलं, खाली केला, वर केला, आणि कोंबड्या सोडून मलाच शिव्या द्यायला लागले. आनंदाने.

काकीने देवाला नारळ दिला. मला कोणी काही दिलं नाही, पण हाडं राहिली.

त्याच दुपारी काका मांगरात आले, शेणींच्या राशीवर टेकले. "आता नीट सांग. माका झालला काय?"

मी दंडाचं हाड त्यांच्या दंडाशेजारी धरलं, या वेळी सुलटं, आणि पुस्तक न उघडता सगळं सांगितलं. पन्हळ, नस, बाकाची कड. काकांनी पन्हळीवरून अंगठा फिरवला. पुढे आक्टोबरात परीक्षकांपुढे मी याच क्रमाने बोललो आणि पास झालो.

"कळला," काका म्हणाले. "मगे आता एकच सांग. घेतल्यार निजूचा कसा?"

"जमिनीर, काका. उताणे."

त्यांनी मान डोलावली. डॉक्टर म्हणून माझा पहिला सल्ला त्यांनी मरेपर्यंत पाळला.