शेंदराखालचा वाघ

गिरणेकाठच्या ज्या गावात मी इतिहास शिकवायला लागलो, तिथे माझ्याआधीचे सर इतक्या सावकाश टिपणं सांगत की जूनमध्ये पेटलेली लढाई दिवाळीच्या सुट्टीपर्यंत विझत नसे. मुलं तोंडाने लढत आणि डोळ्यांनी झोपत. एक मुलगा तर बाकावर डोकं टेकून आठवीत झोपला तो नववीतच उठला, असं मला शिपायाने सांगितलं. शिपाई खोटं कशाला बोलेल?

ऐंशीच्या दशकाची अखेर होती. गाव भडगाव तालुक्यातलं, मी धरणगावकडचा. म्हणजे कापूस दोन्हीकडे तोच आणि बोलीही तीच, अहिराणी, जिच्यात सगळं म्हणजे 'बठ्ठं' आणि बघणं म्हणजे 'देखणं'. उन्हाळ्यात आम्हा इतिहासवाल्यांना जळगावला प्रशिक्षणाला बोलावलं. त्या मे महिन्यात खडू हातातच पाघळत होते. तिथे धुळ्याहून आलेले एक निवृत्त सर शिकवायला होते, अंगाने काडी आणि आवाजाने नगारा. ते म्हणाले, "इतिहास सांगू नका. साधन समोर ठेवा आणि गप्प बसा."

गप्प बसायचं हे ऐकून अर्ध्या शिक्षकांना चक्कर आली. मला मात्र कल्पना आवडली. मी इतका बोलतो की माझ्या बायकोने लग्नानंतर पहिल्या आठवड्यातच रेडिओ माहेरी परत पाठवला होता. मी गप्प बसतो की नाही, हे मलाच एकदा बघायचं होतं.

जूनमध्ये नववीच्या फळ्याच्या कोपऱ्यात मी तीन प्रश्न लिहिले आणि वर्षभर कुणाला पुसू दिले नाहीत. काय दिसतं? काय दिसत नाही? जो सांगतो, त्याला कसं कळलं? पुस्तकात भौतिक, लिखित आणि मौखिक अशी साधनं छापलेली होतीच. मुलं ती पाठ करून परीक्षेत ओकत. मी म्हटलं, घरातली जुनी वस्तू आणा. दुसऱ्या दिवशी वर्गाचं भांड्यांचं दुकान झालं. अडकित्ते, कंदील, घोड्याचा नाल, एका आजोबांची कवळी. कवळीचे आजोबा मधल्या सुट्टीत काठी टेकत शाळेत आले, कारण जेवायची वेळ झाली होती.

कवळीवर मुलांनी एक अख्खा तास प्रश्न विचारले. त्याआधी त्या वर्गाने सबंध वर्षात एकच प्रश्न विचारला होता, "सर, घंटा कधी होणार?"

मग मी चेकाळलो. म्हटलं, आता गावाचंच साधन घेऊ. वेशीजवळचा दगड.

हा दगड कंबरेइतका उंच आणि शेंदराने इतका लिंपलेला होता की मूळ दगड केवढा आणि शेंदूर किती हे सांगता येऊ नये. तेल-शेंदराचे थर बापजाद्यांपासून एकावर एक चढलेले. तो खरवडायचा नाही, हा गावचा नेम. कवच वाढून वाढून कधीतरी आपणहून गळून पडतं, मग ते वाजतगाजत गिरणेत सोडायचं. मात्र हयात माणसांपैकी कुणीच ते पडताना पाहिलेलं नव्हतं.

या दगडावर नानांचा जीव होता. नाना वरल्या गल्लीतले. गावाचेही नाना आणि नातीचेही नानाच. त्यांचं म्हणणं, हा दगड त्यांच्या पूर्वजाचा, ज्याने वेशीत शिरलेला वाघ मारला. म्हणून पोळ्याला त्यांची जोडी तोरणाखालून पहिली जायची आणि तिच्याही पुढे फेटा बांधून नाना चालायचे. वर्षभर नाना साधे शेतकरी. पण पोळ्याच्या संध्याकाळी ते वेशीतून चालत तेव्हा गिरणासुद्धा त्यांना वाट द्यायला जरा बाजूला सरकायची. हे मी स्वतः पाहिलंय. तो मान नानांचं सगळं होतं. तो गेला असता तर नानांत फक्त फेटा उरला असता.

शिवाय नाना शाळेच्या स्थानिक समितीचे अध्यक्ष होते. आणि त्यांची नात माझ्या वर्गात, पहिल्या बाकावर बसायची.

दगडाला हात लावायची सोय नव्हती, तेव्हा मुलं मौखिक साधनं गोळा करायला घरोघर गेली. परत आली ती वाघ घेऊन. वरल्या गल्लीत वाघ बैलाएवढा होता. मारुतीच्या पारावर तो म्हशीएवढा झाला. नदीकडच्या घरांत पोचेपर्यंत त्याची शेपटी पलीकडच्या तीराला लागत होती. नानांच्या पूर्वजाने तो नुसत्या हातांनी मारला होता. खालच्या गल्लीत मात्र वाघ तोच, मारणारा वेगळा. तिथे एक भाऊ होते, खालच्या गल्लीचे पुढारी, जन्मभर पोळ्याला दुसऱ्या नंबरने चाललेले. त्यांनी मुलांना सांगितलं, वाघ आमच्या पूर्वजाने मारला, तोही जुवाच्या शिवळेने, म्हणजे बैलाच्या मानेशी असते त्या खुंटीने.

"आणि नानांचे पूर्वज कुठे होते?" मुलांनी विचारलं.

"झाडवर," भाऊ म्हणाले. "वरथून बठ्ठं देखी राह्यना व्हता. म्हनीसन तर त्यासले गोष्ट इतली चांगली येस!"

मी फळ्यावर सगळं मांडलं. कोण सांगतं, कोणाकडून ऐकलं. शेवटचा रकाना होता, स्वतः पाहिलं का? तो वरपासून खालपर्यंत कोराच राहिला. नानांची नात त्या कोऱ्या रकान्याकडे बघत बसली. तिने वहीत तो तक्ता उतरवून घेतला, पण नानांच्या नावासमोरची जागा तिने कोरी ठेवली नाही. 'विचारायचं आहे' असं लिहिलं.

तिने विचारलंही. कारण दुसऱ्या दिवशी नाना शाळेत हजर.

"मास्तर, बठ्ठा गावमा पोरं फिरी राह्यनात. वाघना साक्षीदार मांगी राह्यनात म्हने?"

"अभ्यास आहे, नाना."

"मन्ही नात माले इचारस, नाना, तुम्ही देखा का? मी काय दोनशे वरीसना शे?"

मुख्याध्यापक माझ्यामागे उभे राहून खोकत होते. नाना गेल्यावर त्यांनी मला सातपुड्याच्या पायथ्याच्या आमच्या संस्थेच्या शाखेबद्दल माहिती दिली. हवा छान आहे, म्हणाले, एसटी दिवसातून एकदा येते आणि तिथले वाघ बघायला तोंडी पुरावे लागत नाहीत.

इकडे भाऊंनी पारावर जाहीर केलं की आता शाळेनेच सांगितलंय, नानांच्या वाघाला साक्षीदार नाही, तर यंदा पोळ्याला पहिली जोडी आमची. शाळेने तसं काहीच सांगितलं नव्हतं. भाऊंच्या वाघालाही साक्षीदार नव्हताच. पण पारावर तक्ता कोण वाचतो?

नानांनी मग जे केलं, ते त्यांच्याखेरीज कुणाच्या डोक्यात आलं नसतं. पोळा तोंडावर आला असताना त्यांनी दगडाला शेंदूर चढवायचं ठरवलं. नेहमीचा बोटभर नव्हे. गावाची तोंडं बंद होतील एवढा. दुकानातला सगळा शेंदूर संपला, मग भडगावहून आणवला. तेल तर इतकं की त्या दिवशी गावात कुणाच्या कढईत भजं तळलं गेलं नाही. नाना स्वतः कोपरापर्यंत लाल होऊन थापत होते आणि वरली गल्ली भोवती उभी राहून कौतुक करत होती. संध्याकाळपर्यंत दगड एखाद्या गरोदर बाईसारखा दिसायला लागला. नाना मागे सरले, हात जोडले आणि खालच्या गल्लीकडे बघून म्हणाले, "आते बोला."

दगडच बोलला. श्रावणाचं ऊन, ओलं तेल आणि त्या नव्या थराचं वजन. दुसऱ्या दिवशी सकाळी, शाळेची प्रार्थना चालू असताना, वेशीकडून असा आवाज आला की 'सावधान'मधली पोरं आपोआप 'विश्राम'मध्ये गेली. कवच मुळासकट सुटून खाली पडलं होतं. पिढ्यान्‌पिढ्यांचा शेंदूर एका झटक्यात.

सगळं गाव धावलं. नववीचा वर्ग माझी परवानगी न घेताच धावला आणि मी वर्गाला सांभाळायला म्हणून सगळ्यांच्या पुढे धावलो.

दगड गावाला प्रथमच उघडा दिसत होता. कोरलेला होता. वर चंद्र-सूर्य, मधे देवाच्या पिंडीपुढे हात जोडलेला माणूस, आणि सगळ्यात खाली एका ओळीत जनावरं चाललेली, त्यांच्यामागे एक माणूस आडवा पडलेला, हातात तलवार.

गाव वाकवाकून बघायला लागलं. मग वरल्या गल्लीतून एकजण जनावराकडे बोट दाखवून म्हणाला, "हाऊ देखा वाघ."

"वाघले शिंगडा?" खालच्या गल्लीतून.

"त्या टाइमले व्हतीन!"

"आन गयामा घंटी बी?"

हशा उठला. नाना हसले नाहीत. त्यांच्या हातांचा शेंदूर अजून निघालेला नव्हता. ते गर्दीतून पुढे आले, माझ्याकडे एकदा पाहिलं. मी प्रशिक्षणात शिकल्याप्रमाणे गप्प बसलो. आयुष्यात गप्प बसण्याचा मला तेवढा एकच प्रसंग नीट साधला आहे. मग त्यांनी वर्गाकडे पाहिलं आणि नातीला हाक मारली.

"इकडे ये वं बाई. तू शाळामा जास ना? मंग सांग. तुले काय दिसस?"

पोरगी दगडासमोर उभी राहिली. घरात ती नानांशी अहिराणी बोले, माझ्याशीसुद्धा मधल्या सुट्टीत अहिराणीच. पण तिथे ती पुस्तकी मराठीत बोलली, जणू तोंडी परीक्षा चालू आहे. मला वाटतं, नानांना ते सांगायला तिला तीच भाषा बरी वाटली असावी. त्यात आजोबा नसतात, फक्त परीक्षक असतात.

"काय दिसतं: शिंगं असलेली जनावरं. एकाच्या गळ्यात घंटा. मागे तलवारवाला माणूस, आडवा पडलेला. तो मेला असावा, कारण वर तो देवापुढे दिसतो." ती थांबली. "काय दिसत नाही: वाघ."

खालच्या गल्लीने आरोळी ठोकली. भाऊंनी टोपी उडवली.

"आणखी," ती म्हणाली, आरोळीहूनही मोठ्या आवाजात, "शिवळ दिसत नाही. झाड दिसत नाही. नाव दिसत नाही."

भाऊंची टोपी खाली आली तेव्हा झेलायला भाऊंना सुचलं नाही.

"मंग हाऊ मानूस कोनना?" नानांनी विचारलं. आवाज अगदी बारीक होता.

"दगड सांगत नाही, नाना." आणि मग एकदम अहिराणीत, फक्त त्यांच्यासाठी, "जनावरं वाचाडाले गया व्हता. इतलंच समजस."

नाना उकिडवे बसले. त्यांनी त्या घंटेवरून बोट फिरवलं, मग जनावरांच्या ओळीवरून, मग त्यांना वाचवायला जाऊन पडलेल्या माणसावरून. एवढी वर्षं ज्याला शेंदूर लावला त्याला ते पहिल्यांदाच बघत होते. मला वाटलं, आता माझी एसटी निघाली सातपुड्याला.

"नाव नही, तर मान बी कोनना नही!" भाऊ म्हणाले. आपला नाही तर नाही, पण नानांचाही नको, एवढं तरी पदरात पाडून घ्यावं म्हणून.

नाना उठले. गुडघे झटकले. "बराबर शे," म्हणाले. "पन दगडवर देखा. जनावर पुढे शेतस. मानूस मांगे. आपुन इतला वरीस उलटं करी राह्यनूत. यंदा तसंच करूत."

भाऊंनी दगडाला एक प्रदक्षिणा घातली, कुठे तरी माणूस पुढे कोरलाय का ते पाहिलं, आणि मान हलवली.

पोळ्याला गावातल्या सगळ्या जोड्या गिरणेत धुऊन, शिंगं रंगवून, झुली घालून वेशीत आणल्या. कासरे सोडले. माणसं सगळी मागे. वाजंत्री थांबली. आणि एकही बैल हलेना. त्यांच्या पुढे कायम एक फेटा चालत आलेला, आता रस्ता दिसत होता पण फेटा दिसत नव्हता. बैल मागे वळून नानांकडे बघायला लागले. नाना आभाळाकडे बघायला लागले. ते किती वेळ चाललं कुणास ठाऊक, पण तेवढ्यात वाजंत्रीवाल्याची एक झोप झाली, असं तो अजून सांगतो.

अखेर एक बैल निघाला. नानांचाच. दरवर्षीची वाट पायांत होती त्याच्या. त्याच्यामागे बाकीचे निघाले, तोरण शिंगांत अडकून तुटलं आणि सगळी गल्लीबोळांची भेसळ वेशीतून आत गेली.

"हाई सवय शे, मान नही!" भाऊ ओरडले.

"बैलले इचारा," नाना म्हणाले.

ते सगळ्यांच्या मागून चालत होते. धुळीने फेट्याचा रंग ओळखू येईना. माझ्या बाजूने जाताना थांबले. "मास्तर, मांगे चालनं म्हंजे बठ्ठी धूळ आपलाच तोंडमा," असं म्हणून थुंकले आणि पुढे गेले. माझ्या बदलीची गोष्ट पुन्हा निघाली नाही. त्या पायथ्याच्या शाखेत मुख्याध्यापक स्वतःच गेले, बढतीवर.

पुढे कवच चढू द्यायचं नाही, असं नानांनीच ठरवलं. शेंदूर वर चंद्र-सूर्याला, बोटभर. खालची जनावरं उघडी. पोळ्याला बैल पुढे आणि नाना मागे, ही रीत नव्वदच्या दशकात मी बदलून जाईपर्यंत चालू होती.

वाघ मात्र मेला नाही. नानांकडे पाहुणा आला की त्याला वेशीत नेऊन ते तो वाघ सोडतच. मी शेवटचं ऐकलं तेव्हा तो मारुतीच्या देवळाच्या कळसाला पाठ घासत होता. पाहुण्याचे डोळे विस्फारले की नाना क्षणभर थांबत, नात जवळपास आहे का ते पाहत, आणि बोट वर करून म्हणत, "पन हाई मौखिक साधन शे, बरं का!"