सुनीताताईचं नाव जाड अक्षरातच राहणार

मंडळी, मी सुरतेत दुकानांचे बोर्ड बनवतो. आज आमच्या गावच्या, सणसरच्या सुनीताताईच्या शिलाईच्या दुकानाचा बोर्ड केला.

अक्षर घेतलं आपल्या उसाच्या ट्रॉलीमागचं. जाडजूड, प्रत्येक काना खाली ठोकळ्यावर उभा. धुरळ्यातनंबी वाचता येतं. पण ट्रॉलीवर या अक्षरात कायम बाप्यांचीच नावं.

गावाकडं घरी फोटो पाठवला तर चुलत्यांचा फोन.

"आरं, पोरीच्या जातीचं नाव एवढं जाड? नाजूक कर जरा. पार रस्त्यावरनं दिसंल की!"

"तात्या, त्यासाठीच केलंय."

"लोक काय म्हणतील?"

"आधी वाचू तर द्या त्यांना."

बोर्ड आत्ताच पुण्याच्या ट्रॅव्हल्समधी टाकला. आता बदल न्हाय.

तुमच्या गावात रस्त्यावरनं वाचता येईल असं एका तरी बाईचं नाव हाय का? असंल तर फोटो टाका.