धवलारीण कुठे गेली?

काल्हेरच्या त्या म्हातारीला मी अजून विसरलेलो नाही. दोन हजार सालानंतरची गोष्ट. मी भिवंडी तालुक्यात पोलीस निरीक्षक होतो. गोदामांमुळे जमिनीला सोन्याचा भाव आला होता, भाऊ भावाला ओळखत नव्हता, आणि आमच्याकडच्या निम्म्या तक्रारी घरच्याच माणसांविरुद्ध असत.

मे महिन्यात एका सकाळी एक आगरी बाई ठाणे अंमलदारासमोर येऊन बसली. मुलीचं लग्न तोंडावर आलेलं.

"साहेब, आमची धवलारीन गायब हाय. पुतन्या बोलतो, तीर्थाला गेली. खोटा हाय तो."

आगरी लग्नात धवलारीण धवले, म्हणजे लग्नविधीची गाणी, गाऊन लग्न लावते. एकदा लग्नाचा विडा घेतला की तिने यायचंच. अगदी अंथरुणाला खिळली, तरी आपल्या जागी दुसरी धवलारीण तिनेच नेमून द्यायची. ही म्हातारी विधवा, मूलबाळ नाही. पुतण्याने जुनं घर पाडून इमारत बांधली, तळमजल्यावर खोली देईन असा शब्द दिला. इमारत भरली, खोली काही मिळाली नाही. जुन्या घराची एकच खोली उभी होती आणि ती अडवून म्हातारी बसली होती.

मी जाऊन पाहिलं तर ती खोलीही जमीनदोस्त. विटांचा ताजा ढीग बघून मनात नको ते आलं. सगळा ढिगारा उपसायला लावला. खाली काही निघालं नाही तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला.

पुतण्याला ठाण्यात आणलं. असा माणूस मार खायच्या तयारीने येतो, म्हणून मी चहा मागवला. बस कुठली, सोबत कोण, मुक्काम कुठे, सगळी उत्तरं त्याने पाठ करून आणली होती.

"काकी आपल्या जागी कोणाला नेमून गेल्या?" मी विचारलं.

धवले ऐकत वाढलेला हा माणूस, पण नेमकं हेच त्याला सुचलं नव्हतं. तो अडखळला. "लग्नघरी निरोप धाडलाय, साहेब."

मी त्या बाईला आत बोलावलं. ती शांतपणे म्हणाली, "कोनाच्या हाती धाडलास? मी नवरीची आई हाय, मना कसा न्हाय मिलला?"

त्याने चहाचा कप बाजूला सारला. दाराबाहेर बाकावर त्याची बायको डबा घेऊन बसली होती. ती उठून दारात आली.

"साहेब, माझ्या लग्नाला पन तिनीच धवलं बोललेली. दापोड्याच्या गोदामान हाय ती. कालपासना पानी पन घेत न्हाय."

"गप बस," तो ओरडला. ती गप्प बसली नाही.

गोदाम पत्र्याचं, रिकामं. पंचांसमोर कुलूप तोडलं. आतून भट्टीसारखी धग अंगावर आली. म्हातारी गोणपाटावर पडलेली, ओठ फुटलेले. महिला शिपायाने ओल्या रुमालाने ओठ भिजवले, तरी बराच वेळ हालचाल नव्हती. मला भयंकर भीती वाटली. मग जीपमध्ये तिने डोळे उघडले आणि पहिल्यांदा काय सांगितलं, तर लग्नासाठी दुसऱ्या धवलारिणीचं नाव.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात जबाब घ्यायला गेलो. "पुतण्याने कोंडलं, असं सांगाल ना आजी?"

"सांगते. पन आदी तू सांग बाला, त्याला आत टाकलास, त मी रहू कुठं?"

मी बाहेर येऊन फोन लावले. एका आश्रमाला नातेवाइकाची सही हवी होती. दुसऱ्या ठिकाणी स्वतः हिंडू-फिरू शकणारेच घेत. बाकीच्यांकडे जागा नव्हती. पूर्णा गावापासून काल्हेरपर्यंत मालाच्या खोक्यांसाठी छपरंच छपरं होती, एका म्हातारीपुरतं एकही निघालं नाही. मी परत आत गेलो तेव्हा तिने माझा चेहरा वाचला.

"लिव, कोनी कोंडला न्हाय," ती म्हणाली. "मी माझ्या पायांनी गेलेली."

आम्ही गुन्हा दाखल केला, खटलाही चालला, पण तिने कोर्टात तेच सांगितलं आणि तो सुटला. म्हातारी त्याच्याच घरी राहिली. त्या दिवशी मला तिचा प्रचंड राग आला होता. आज येत नाही.

पुढे नोकरीभर, कोणी म्हातारं माणूस तक्रार घेऊन आलं की काय झालं हे मी नंतर विचारायचो. आधी विचारायचो, आज रात्री झोपणार कुठे? ज्याच्याकडे याचं उत्तर नाही, त्याच्याकडून खरं बोलण्याची अपेक्षा करायचा पोलिसाला अधिकार नाही.