अडखळणारा आवाज

पडदा वर जातो तेव्हा समोर दिसतो आमच्या इमारतीचा तळमजल्यावरचा हॉल. उजवीकडे विजेचे मीटर, डावीकडे भिंतीला टेकवलेल्या तीन सायकली, मध्ये प्लास्टिकच्या खुर्च्या आणि पुढे एक टेबल. वेळ रविवारी सकाळी दहाची. वक्ते, इमारतीचे सेक्रेटरी. विषय, तळमजल्यावरच्या चौघांना घर रिकामं करायला लावणं. ते चौघे शेवटच्या रांगेत बसलेत, आणि त्यांतल्या कडेच्या खुर्चीवर, थरथरणारे हात मांडीवर दाबून धरलेली, आमची हळूबाई.

हळूबाई आमच्या नाटक कंपनीची प्रॉम्प्टर. बावीस वर्षं विंगेत स्टुलावर बसून तिनं आम्हा विसरभोळ्यांना सांभाळलं. भांडणसुद्धा कुजबुजत करायची, म्हणून हे नाव. मी आयुष्यभर राजे रंगवले. त्यातले निम्मे तिच्याच जिवावर गादीवर टिकले. तिची रीत ठरलेली होती. नट थांबला की एक श्वास वाट पाहायची, मग दोनच शब्द द्यायचे. तिसऱ्या शब्दाला नट आळशी होतो, असं तिचं मत. एक नट चार वर्षं तिच्याशी बोलत नव्हता, मेकअपच्या खोलीत तिच्याविषयी वाटेल ते पसरवत होता. त्यालासुद्धा तिनं एका प्रयोगात अडकू दिलं नाही.

मग एके दिवशी तिनं मला वहीत नसलेलं वाक्य दिलं. विंगेतून येईल ते बोलायची नटाला सवय, मी बोललो. टाळी पडली. पुढच्या आठवड्यात अशी सात वाक्यं आली आणि आमचा नाटककार डोक्याला हात लावून आत धावला. तिलाच कुणीतरी मागून सांगत होतं, आणि ते कुणी आम्हाला दिसत नव्हतं. डॉक्टरांनी त्याला स्किझोफ्रेनिया म्हटलं, कंपनीनं तिच्या हातात नारळ दिला, आणि ती रुग्णालयात गेली ती अकरा वर्षं. आम्ही किती वेळा भेटायला गेलो? दोनदा. तिच्या भावानं कळवलं होतं की घराचं रंगकाम काढलंय, संपलं की घेऊन जातो. अकरा वर्षांत त्या घराचा राजवाडा झाला असणार.

शेवटी एका संस्थेनं आमच्या इमारतीतलं तळमजल्याचं घर भाड्यानं घेतलं. असा आजार असलेल्या, पण आता सावरलेल्या चौघांनी एकत्र राहायचं, आपला स्वयंपाक आपण करायचा, दिवसा कामाला जायचं. समाजसेविका ताई सकाळ-संध्याकाळ येऊन गोळ्या बघायची, डॉक्टर महिन्यातून एकदा. संस्थेचा एक फॉर्म असे. दूध उतू न जाऊ देता तापवता येतं का? शेजाऱ्यांशी नीट बोलता येतं का? विनाकारण राग येतो का? हळूबाईला चाळीसपैकी एकतीस गुण मिळाले. तोच फॉर्म बाकीच्या घरांत वाटला असता तर निम्मी इमारत भरती करावी लागली असती, आणि पहिली खाट सेक्रेटरींना.

सेक्रेटरींचं पाण्याच्या पंपांचं दुकान. पण खरा जीव नोटिशीत. 'तळमजल्यावरील व्यक्तींनी फाटकाशी विनाकारण उभे राहू नये' अशी नोटीस त्यांनी चिकटवली, आणि कोण उभं राहतंय ते बघायला स्वतः रोज तासभर फाटकाशी उभे राहू लागले. लिहिण्यात वाघ, बोलण्यात मात्र शेळी. लिफ्टच्या उद्घाटनाला 'आदरणीय' एवढं म्हणून जे थांबले, ते लिफ्ट दोनदा वर जाऊन आली तरी पुढचा शब्द सापडला नाही. ती नामुष्की त्यांच्या मनात घर करून होती. म्हणून या सभेसाठी त्यांनी भाषण लिहिलं आणि पाठांतराला बसले. बसले ते नेमके तळमजल्यावरच्याच आपल्या घराच्या मागच्या खोलीत. त्या खोलीची भिंत आणि हळूबाईच्या खाटेची भिंत एकच.

सभेच्या आठ-दहा दिवस आधी हळूबाईनं ताईला सांगितलं की रोज संध्याकाळी भिंतीतून एक पुरुष बोलतो. काय बोलतो? या चौघांना इथून काढा, हे धोकादायक आहेत. तेच तेच बोलतो का? हो, रोज तेच. ताई बिचारी कामसू. तिनं फाइलीत लिहून घेतलं: पुरुषी आवाज, रोज ठरावीक वेळी, रुग्णाच्या विरोधात. शिकवणीत सांगितलेलं एकूण एक लक्षण जुळत होतं. भिंतीच्या पलीकडे जाऊन बघावं हे मात्र कुठल्या पुस्तकात नव्हतं. डॉक्टरांनी फाइल वाचली आणि गोळी वाढवली.

वाढलेल्या गोळीनं तिची जीभ जड झाली, हात कापायला लागले, कपातला चहा बशीत आणि बशीतला मांडीवर. मी खाली गेलो तेव्हा ती म्हणाली, "आवाज होता तेवढाच आहे, राजे. कमी झाले ती मी."

मी तिला म्हटलं, हळूबाई, गोळी चुकवू नकोस. बावीस वर्षं जिनं सांगितलेला शब्द न् शब्द डोळे मिटून उचलला, तिच्या या एका शब्दावर मी विश्वास ठेवला नाही. ती सावकाश, एकेक शब्द जुळवत म्हणाली, "माझे आवाज कधी अडखळत नाहीत. हा दुसऱ्या परिच्छेदात रोज अडखळतो. म्हणजे हा माणूस आहे."

मी तिच्या खांद्यावर थोपटून वर निघून आलो. राजे लोक असेच असतात.

तर रविवारची सभा. ठराव मंजूर झाला तर घर जाणार, आणि घर गेलं की चौघांनाही पुन्हा रुग्णालय, कारण घ्यायला येणारं कुणी नव्हतं. सेक्रेटरी उठले. हातात कागद नाही. मोठे वक्ते कागद घेत नाहीत. पहिला परिच्छेद दणक्यात गेला. माना डोलल्या. मग ते म्हणाले, "आपल्या बायकामुलांच्या..." आणि थांबले.

मी मनात एक श्वास मोजला. मागून, न ओरडता, पण जिथं पोहोचायचा तिथंच पोहोचणारा तो ओळखीचा आवाज आला: "सुरक्षिततेचा विचार."

"सुरक्षिततेचा विचार करता," सेक्रेटरी सुटले. कुठून आलं, कुणी दिलं, काही नाही. नट तो नट. चार वाक्यांवर पुन्हा गाडी अडली. एक श्वास. "संस्थेचा हेतू." त्यांनी तेही उचललं. तिसऱ्या वेळी मात्र सगळ्या माना मागे वळल्या. हळूबाईचं कुणाकडे लक्ष नव्हतं. तिची नजर फक्त बोलणाऱ्याच्या ओठांवर. शेजारच्या बाईंनी रुमाल तोंडावर धरला. ताईनं मांडीवरची फाइल उघडली, एक पान दोनदा वाचलं आणि तिचा चेहरा पडला.

सेक्रेटरी भडकले. हिला माझं भाषण कसं माहीत, त्यांनी विचारलं. पुढच्या रांगेतून त्यांच्या सौभाग्यवती उत्तरल्या, "पंधरा दिवस भिंतीशी तोंड करून ओरडताय. तिलाच काय, आपल्या फ्रिजलासुद्धा पाठ झालंय."

ताईनं उभं राहून हळूच विचारलं, रोज किती वाजता? सहाला, दुकान बंद करून आल्यावर, सेक्रेटरी म्हणाले. ताईनं फाइलीत काहीतरी खोडलं.

पुढचं आधीच सांगून टाकतो, म्हणजे शेवट तिच्यासाठी मोकळा राहील. ठरावाच्या बाजूनं पाच हात वर झाले, आणि ठराव पडला. लोकांना उपरती झाली असं मी म्हणणार नाही; हसता हसता हात वर करणं जमत नाही, एवढंच. डॉक्टरांनी नंतर गोळी कमी केली आणि फाइलीत लिहिलं की भिंतीतला आवाज बंद झाला, वाढवलेल्या डोसचा चांगला उपयोग झाला. सेक्रेटरींनी पाठांतर थांबवलं होतं याची नोंद कुठेच नाही. आणि मी हल्ली रोज संध्याकाळी सहाला तळमजल्यावर जाऊन बसतो. ती सांगते ते ऐकतो.

पण मतदानाच्या आधी अध्यक्षांनी, म्हणजे आमच्या निवृत्त पोस्टमास्तरांनी, रीतीप्रमाणे तिला विचारलं होतं, बाई, तुमच्या बाजूनं तुम्हाला काही बोलायचंय का? हळूबाई पुढच्या खुर्चीची पाठ धरून उभी राहिली. सेक्रेटरी एव्हाना खाली बसले होते. तिनं त्यांच्याकडे बोट केलं.

"मी काय बोलणार? बोलायचं काम त्यांचं. त्यांना उभं करा, अजून अर्धं पान राहिलंय."